‘थेरपीला जा’ म्हणताय, पण जायचं कुठे?

अमेरिकेत जुलै हा अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्याचा महिना म्हणून पाळतात. लेखिका बीबी मूर कॅम्बेल यांच्या स्मरणार्थ २००८ साली तिथल्या काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाने तो जाहीर केला. जुलै आला, किंवा पोलिसांच्या हातून एखाद्या कृष्णवर्णीयाचा जीव गेल्याची चित्रफीत फिरू लागली, की एक ठरलेला वाद सुरू होतो. एका बाजूला जे-झीसारखे गायक, ताराजी हेन्सनसारख्या अभिनेत्री आणि त्यांच्यामागून समाजमाध्यमांवरचे असंख्य आवाज असतात. आपल्या लोकांनी थेरपीची लाज सोडावी, पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं मुकाट्याने वाहणं थांबवावं, असं त्यांचं सांगणं. दुसरी बाजू विचारते, घाव रोज नव्याने बसतोय आणि तुम्ही घायाळ माणसालाच कोचावर बसून स्वतःच्या मनात डोकवायला सांगता? दोघंही तावातावाने बोलतात, दोघांचंही काही अंशी बरोबर आहे, आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे, ती म्हणजे अडथळा कृष्णवर्णीय माणसाच्या डोक्यात आहे. एकाला तिथे लाज दिसते, दुसऱ्याला बाणेदार नकार.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आघातावरची थेरपी उपयोगी आहे, कृष्णवर्णीयांनाही आहे, आणि न्याय मिळेपर्यंत ती लांबणीवर टाकणं क्रूरपणाचं आहे. पण उपदेशाची दिशा चुकली आहे. ज्यांचं मन वळवायला हवं ते रुग्ण नव्हेतच. ते आहेत दवाखाने, विमा कंपन्या, राज्य सरकारं आणि थेरपिस्टना परवाने देणारी मंडळं.

‘लाज सोडा’ म्हणणाऱ्यांची घाई मात्र खोटी नाही. २०२१ च्या केंद्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्या गोऱ्या प्रौढांपैकी सुमारे ५२ टक्क्यांना वर्षभरात काही ना काही उपचार मिळाले होते. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. उपचार न मिळण्याची किंमत मोजावी लागते. मिशिगन विद्यापीठाच्या जेम्स जॅक्सन यांनी २००१ ते २००३ दरम्यान केलेल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं की नैराश्य कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कमी वेळा गाठतं, पण एकदा गाठलं की जास्त काळ मुक्काम ठोकतं. अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयात साध्या तपासणीसाठी आलेल्या, बहुतांश गरीब कृष्णवर्णीय असलेल्या लोकांना विचारलं तेव्हा दहातल्या जवळपास नऊ जणांनी गंभीर आघात सांगितला आणि सुमारे ४६ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी आघातोत्तर तणावाचा आजार (पीटीएसडी) झालेला आढळला. ही माणसं मनाच्या डॉक्टरकडे आली नव्हती. पाच ते बारा वयाच्या मुलांमध्ये तर कृष्णवर्णीयांचं आत्महत्येचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं. आणि लाज आहेच. ‘घरातलं घरात’ ही शिकवण आहे, कधीही न कोसळणाऱ्या खंबीर बाईचं कौतुक आहे, ‘प्रार्थनेत कमी पडलास’ म्हणणारे पाद्री आहेत. हे सगळं मराठी घरांनाही परकं नाही.

पण लाज हेच मुख्य कारण असेल तर थेरपीबद्दलचं मत आधीपासूनच वाईट असायला हवं. नव्वदच्या दशकातल्या राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांवरून संशोधकांनी २००० साली नेमकं हेच तपासलं. उपचार घेण्यापूर्वी कृष्णवर्णीयांचं मत गोऱ्यांइतकंच, काही बाबतींत गोऱ्यांपेक्षाही अनुकूल होतं. उपचार घेतल्यानंतर ते गोऱ्यांपेक्षा प्रतिकूल झालं. म्हणजे माणूस आशेने दारात गेला आणि आत जे घडलं त्याने विटून परतला. याला जनजागृतीचा कोणता फलक पुरणार?

दारापर्यंत पोचणंही सोपं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमधल्या ३२० खासगी थेरपिस्टच्या फोनवर अभिनेत्यांच्या आवाजात रुग्ण म्हणून निरोप ठेवले. प्रत्येक थेरपिस्टला दोन निरोप. तक्रार एकच, विमाही चांगला, फक्त बोलण्याच्या ढंगावरून वंश आणि वर्ग ओळखू यावा अशी योजना. २०१६ साली निकाल छापून आला. मध्यमवर्गीय गोऱ्यांपैकी २८ टक्क्यांना भेटीची वेळ देऊ केली गेली, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांपैकी १७ टक्क्यांना, आणि कामगारवर्गातल्यांना, मग ते गोरे असोत की कृष्णवर्णीय, केवळ ८ टक्क्यांना. यातल्या कुणाच्याही मनात लाज नव्हती. सगळ्यांनी फोन केलाच होता. हा प्रयोग झाल्यावरही ‘आपले लोक मदत मागत नाहीत’ हे वाक्य तितक्याच आत्मविश्वासाने कसं म्हटलं जातं, याचं नवल वाटतं.

अविश्वासाचा विषय निघाला की टस्कीगीचं नाव घेऊन मोकळं व्हायची रीत पडली आहे. अलाबामातल्या त्या प्रयोगात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं उपदंशाच्या ३९९ कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवून नुसतं निरखलं गेलं. भयंकरच, पण तो गुप्तरोगाचा इतिहास आहे. मनोविकारशास्त्राचा हिशेब वेगळा आहे आणि तो इथे जास्त लागू पडतो. १८४० च्या जनगणनेत, गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण अफाट दाखवलं गेलं. डॉ. एडवर्ड जार्विस यांनी नोंदी उलगडल्या तेव्हा जिथे एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता अशा गावांतही कृष्णवर्णीय वेडे मोजलेले निघाले. चूक दाखवूनही तिथल्या सरकारने आकडे बदलले नाहीत, आणि परराष्ट्रमंत्री कॅल्हून यांनी १८४४ साली त्यांच्याच जोरावर गुलामगिरीचं समर्थन केलं. १८५१ मध्ये लुइझियानाच्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलाम पळून का जातात याचं निदान केलं. तो ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा आजार आहे, आणि त्यावरच्या उपायांत चाबूकही आहे. १९११ मध्ये मेरीलँडने कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी क्राउन्सव्हिलला इस्पितळ काढलं. ते बांधायला रुग्णांनाच जुंपलं. १९६८ मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी नागरी हक्कांच्या चळवळीतल्या संतापाला ‘निषेधाचा उन्माद’ ठरवणारा निबंध नामवंत नियतकालिकात छापला. १९७४ च्या एका औषधाच्या जाहिरातीत मूठ उगारलेला संतप्त कृष्णवर्णीय पुरुष दाखवला होता. हा आजार, हे औषध.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर आजचं काय? स्किझोफ्रेनियाचं निदान कृष्णवर्णीयांच्या माथी गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मारलं जातं. त्यातल्या अनेकांना खरं तर तीव्र नैराश्य असतं. थेरपिस्टवर कायद्याचं बंधन असतं, मुलाची हेळसांड होत असल्याचा संशय आला तरी बालसंरक्षण खात्याला कळवायचं. अमेरिकेत अठरा वर्षांची होईपर्यंत सुमारे ३७ टक्के मुलांच्या घरी अशी चौकशी येते. कृष्णवर्णीय मुलांत ५३ टक्क्यांच्या. ‘राग आवरत नाही, काल पोरावर हात उगारला’ हे वाक्य उपनगरातली गोरी आई थेरपिस्टसमोर सहज बोलते. शिकागोच्या दक्षिण भागातली कृष्णवर्णीय आई ते गिळते, आणि तिचा हिशेब चुकीचा नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात वॉल्टर वॉलेस या तरुणाची मानसिक अवस्था बिघडली म्हणून घरच्यांनी रुग्णवाहिका मागितली. पोलीस आले आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. या सावधपणाला अज्ञान म्हणणारा माणूस स्वतः काय वाचतो?

जाता जाता एका लाडक्या युक्तिवादाबद्दल. गुलामगिरीचा आघात जनुकांतून आजच्या पिढीत उतरला आहे, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. हेतू सहानुभूतीचा असतो. पण माणसांमध्ये इतक्या पिढ्यांपार असं काही पोचतं, हे सिद्ध झालेलं नाही. आणि व्यथा रक्तात आहे असं एकदा मान्य केलं की आपण कार्टराइटच्याच ओसरीवर जाऊन बसतो. सावकारी, घरांच्या वाटपातला भेदभाव, तुरुंग आणि शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांची कागदपत्रं उपलब्ध असताना जनुकांना साक्षीला बोलवायचं कारण नाही.

आता दुसरी बाजू. तिचा सर्वांत भक्कम पुरावा २०१८ चा आहे. एखाद्या राज्यात पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयाला मारलं की पुढचे तीन महिने त्या राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांचं मानसिक स्वास्थ्य ढासळतं. गोऱ्यांचं ढासळत नाही. मरणाऱ्याशी यांचं नातं नाही, ओळख नाही. कारण बाहेर असेल तर उपचार आत का शोधायचा? प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्यात एक गृहीतक दडलं आहे, की थेरपी घेणारा लढायचं सोडतो. इतिहास याच्या उलट सांगतो. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत दोन केंद्रं सुरू झाली. एक मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं बालकेंद्र. दुसरं सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरातलं लाफार्ग क्लिनिक. आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडं, फी पंचवीस सेंट, तीही ज्याला परवडेल त्याच्याकडून. काळी आणि गोरी बाहुली यांतली कोणती आवडते असं मुलांना विचारणारे क्लार्क यांचे प्रयोग शाळांतला वंशभेद मोडणाऱ्या १९५४ च्या निकालात पोचले. लाफार्गचे डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी डेलावेअरच्या मुलांना त्याच तळघरात तपासलं आणि वेगळ्या शाळा मुलांच्या मनाचं काय करतात याची साक्ष न्यायालयात दिली. रुग्ण बरा करणं आणि व्यवस्थेवर खटला भरणं ही कामं तिथे एकाच टेबलावर चालत होती. सुमारे बारा वर्षांनी लाफार्ग बंद पडलं. लोकांनी पाठ फिरवली म्हणून नव्हे. पुरेसं अनुदान त्याला कधी मिळालंच नाही.

शिवाय ‘आधी न्याय’ म्हणणाऱ्यांनी आघातोत्तर आजार म्हणजे काय ते नीट पाहावं. झोप लागत नाही, फटाका वाजला की माणूस जमिनीवर झोपतो, मुलाला उद्यानात नेणं सोडतो, दोन वर्षांत नोकरी जाते. असा माणूस मोर्च्यात तरी कसा येणार? यावरच्या थेरप्या गूढ नाहीत. एका प्रमुख पद्धतीत साधारण बारा भेटी असतात. घटनेनंतर स्वतःबद्दल, इतरांबद्दल, जगाबद्दल जे विचार मनात अडकून बसले, ते कागदावर मांडून तपासायचे. दुसरीत आठ ते पंधरा भेटी, प्रत्येक नव्वद मिनिटांची. घटना पुन्हा पुन्हा सांगायची, तिचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं, आणि टाळत असलेल्या जागांना भीतीचे शून्य ते शंभर गुण देऊन कमी गुणांच्या जागेपासून एकेक गाठायची.

चुकतं ते इथे, आणि ते बारकाईने सांगायला हवं. पहिली चूक निदानाच्या दारातच होते. २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार या आजारासाठी मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांचा प्रत्यक्ष वा संभाव्य अनुभव लागतो. पडद्यावर पाहिलेलं, नोकरीचा भाग असल्याशिवाय, धरत नाहीत. वीस वर्षं कामावर सोसलेला अपमान किंवा पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूची नऊ मिनिटं पाहून उडालेली झोप या चौकटीत बसत नाही. आणि विमा पैसे देतो ते निदानाच्या संकेतांकावर. मग थेरपिस्ट दुसरं काहीतरी लेबल लावतो आणि उपचारही त्या लेबलाच्या मागे जातो. दुसरी चूक विचार तपासताना होते. ‘पोलिसाने गाडी थांबवली तर मी मरेन’ हा विचार नवखा थेरपिस्ट ‘अतिशयोक्ती’च्या रकान्यात टाकतो, आणि रुग्ण तिसऱ्या भेटीनंतर येत नाही. जाणता थेरपिस्ट त्या विचाराचे दोन तुकडे करतो. धोका खरा आहे, तो मान्य. पण ‘म्हणून मी कधीच गाडी चालवू नये’ आणि ‘त्या रात्री माझंच चुकलं’ हे तपासायचं. तिसरी चूक जागांच्या यादीत. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी गोळी लागलेल्याला परत त्या कोपऱ्यावर पाठवणं ही पद्धतीनुसार योग्य पायरी आहे. पण तिथे अजूनही गोळीबार होत असेल तर ती पायरी जीवघेणी आहे. कोणती भीती आजाराची आणि कोणती शहाणपणाची, हे वस्तीची माहिती असलेल्या माणसाशिवाय ठरत नाही. आणि पहिल्या दोन भेटींतच वंशभेदाबद्दल सरळ प्रश्न विचारावा लागतो. रुग्णाने विषय काढल्यावर ‘पण ते वंशामुळेच झालं याची खात्री आहे का?’ असं विचारणारा थेरपिस्ट त्याच क्षणी रुग्ण गमावतो.

सल्ला आणि सेवा यांतलं अंतर किती, हे मोजलं गेलं आहे, तेही रक्तदाबाच्या निमित्ताने. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत रक्तदाब वाढलेले ३१९ पुरुष निवडले. निम्म्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला समजावायचं, खाणंपिणं सांभाळ, डॉक्टरला भेट. उरलेल्या दुकानांत औषधतज्ज्ञच यायचा, खुर्चीपाशीच दाब मोजून गोळ्या सुरू करायचा आणि पाठपुरावा करायचा. सहा महिन्यांनी सल्लावाल्यांचा वरचा दाब सरासरी ९ अंकांनी उतरला, सेवावाल्यांचा २७ अंकांनी. दाब १३०/८० च्या खाली आलेले एकीकडे १२ टक्के, दुसरीकडे ६४. दुकानं तशीच, न्हावी तसेच, वंशही तोच. मग ‘मानसिकता’ कुठे आडवी आली? आज न्हाव्यांना मानसिक आरोग्याचे दूत म्हणून तयार करणारे उपक्रम आहेत. आर्कान्सॉतून सुरू झालेला ‘कन्फेस प्रोजेक्ट’ त्यांतला नावाजलेला. चांगलं काम आहे. पण न्हाव्याने ऐकून घेतल्यावर पुढे पाठवायचं कुणाकडे, हा प्रश्न सुटला नाही तर त्याच्या दुकानात फक्त व्यथा साचेल.

सेवा जागेवर नेली की काय होतं, याचं थेट उदाहरण शिकागोच्या शाळांतलं ‘बिकमिंग अ मॅन’ हे आहे. आठवड्याला एक तास, शाळेच्याच वेळात, मुलग्यांचा गट. कसल्या आजाराचं निदान नाही, फी नाही. पहिल्या काही बैठकींतला एक खेळ असा: एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तीस सेकंदांत तो मिळवायचा. मुलं झटापट करतात, बोटं पिरगाळतात. मग समुपदेशक विचारतो, ‘नुसता मागितला का नाहीस?’ आणि चेंडूवाल्याला विचारतो, ‘मागितला असता तर दिला असतास?’ बहुतेक जण म्हणतात, दिला असता. शास्त्रोक्त चाचण्यांत कार्यक्रम चालू असताना या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. संपल्यावर अटकांवरचा तो परिणाम ओसरला, हेही त्याच चाचण्या सांगतात. ज्यांना एका वर्षाच्या अनुदानात ‘पिढ्यांचा आघात’ पुसायचा आहे त्यांनी हे दुसरं वाक्य दोनदा वाचावं.

माणसं पुरणार कुठून? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांच्या आसपास, मनोविकारतज्ज्ञांत दोन. लोकसंख्येत मात्र तेरा-चौदा. एक वाट गोव्यातून गेली आहे. तिथे ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. विदर्भात ‘विश्राम’ प्रकल्पाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत अशीच माणसं नेमली, तेव्हा उपचारापर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण दीड वर्षात ४ टक्क्यांवरून २७ वर गेलं. गोव्याच्याच धर्तीवर अमेरिका आणि कॅनडात बाराशेहून अधिक गरोदर व बाळंतिणींवर झालेल्या चाचणीत परिचारिका, सुईणी यांनी दिलेले उपचार तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. यावर आक्षेप येतो, तो रास्त आहे. गोऱ्यांना डॉक्टर आणि कृष्णवर्णीयांना शेजारच्या काकू? दुय्यम सेवेची ही जुनी खोड नाकारायलाच हवी. म्हणून अशा योजनेत देखरेखीचा तज्ज्ञ ठरलेला हवा, दर आठवड्याला ध्वनिमुद्रणं तपासली जायला हवीत, आणि गंभीर आघात किंवा आत्महत्येचे विचार दिसले की रुग्ण त्याच आठवड्यात तज्ज्ञासमोर बसायला हवा. गोव्यातले आकडे नैराश्याचे आहेत. ते जसेच्या तसे आघाताला लावणं अप्रामाणिक ठरेल.

उरतात पैसा आणि परवाना. खासगी भेटीला शंभर ते दोनशे डॉलर पडतात. गरिबांचा सरकारी विमा मेडिकेड. पण अधिक गरिबांना सामावून घेणारा त्याचा विस्तार दहा राज्यांनी अजून स्वीकारलेला नाही, आणि त्यांत टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, टेनेसी आहेत, जिथे देशातले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने राहतात. मेडिकेड असलं तरी दर इतके कमी की अनेक थेरपिस्ट ते घेतच नाहीत. आणि तिथली थेरपी बहुतांशी देतात ते परवानाधारक समाजकार्यकर्ते. त्यांची परीक्षा घेणाऱ्या मंडळाने २०२२ मध्ये पहिल्यांदाच आकडे उघड केले. स्वतंत्रपणे थेरपी देण्याच्या वरच्या परवान्याच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात गोरे उमेदवार सुमारे ८४ टक्के उत्तीर्ण झाले होते, कृष्णवर्णीय ४५ टक्के. हे लोक पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचे हजारो तास पार करून आलेले असतात. ज्या वस्त्यांना आपल्यातला थेरपिस्ट हवा आहे त्या वस्त्यांचेच उमेदवार या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेपाशी अडतात. इलिनॉयने अशांसाठी परीक्षेऐवजी जास्तीच्या देखरेखीच्या तासांचा मार्ग खुला केला. बाकी बहुतेक राज्यांत ही परीक्षा अजून आडवी आहेच. जुलैमध्ये ज्या नामवंतांचे कॅमेरे सुरू होतात, त्यांनी एकदा ते त्या मंडळांच्या बैठकीत नेऊन लावावेत.